अनवाणी ड्रायव्हर

नव्या ड्रायव्हरने ट्रकच्या पायरीपाशी चपला काढल्या, पायरीला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि अनवाणीच वर चढला. इंदिराबाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी लेकीचा, मनीषाचा हात घट्ट धरला.

एकाहत्तरचा डिसेंबर होता. लढाई सुरू झाली होती. जबलपूरच्या फॅक्टरीत पाळ्या लांबल्या होत्या, पोरांना शहरातल्या गोरखपूर भागातल्या शाळेत नेणारी बस फौजेच्या कामाला गेली होती, आणि तिच्या जागी आजपासून ठेकेदाराचा ट्रक आला होता. त्याच्या दिव्यांवर ब्लॅकआउटसाठी अर्धा काळा रंग फासलेला. क्वार्टरमधल्या बायका मागच्या फळीवरून एकेक पोर आत चढवत होत्या. सहामाहीचा गणिताचा पेपर होता.

ड्रायव्हरने मफलर पार नाकापर्यंत गुंडाळला होता. एवढ्या थंडीत सगळेच गुंडाळतात, त्यात काही वावगं नाही. पण चपला?

"बेबीताई, हा श्रीरंग तर नाही?" इंदिराबाईंनी शेजारणीला विचारलं.

"कोण श्रीरंग?"

"अहो, ज्याच्या गाडीखाली आपल्या रामरावांचा पाय गेला, तो. इथंच, फाटकाच्या उतारावर. मी साक्षीला गेली होती न कोर्टात. तिथं पिंजऱ्यात चढताना यानं अशाच चपला काढल्या, पायरीला हात लावला. मॅजिस्ट्रेट म्हणे, माणूस देवाला भिणारा दिसतो. सहा महिने लायसन बंद केलं अन् दिलं सोडून. आत्ता दसऱ्याची गोष्ट आहे."

"तुम्ही पण न, इंदिराबाई! सगळेच ड्रायव्हर गाडीच्या पाया पडतात. काहून आळ घेता कोणावर? अन् ते पाहा, हवालदाराची मुन्नी पुढे बसून राहिली. पोलिसाची पोरगी जिथं बसते, तिथं आपल्याला कसलं भेव?"

मुन्नी खरंच पुढे बसली होती, ड्रायव्हरच्या शेजारी, लाल रिबिनीच्या दोन वेण्या घालून. बाकीची पोरं मागे मेंढरांसारखी, ही एकटी गादीवर. हवालदाराच्या पोरीला तेवढा मान असायचाच.

तरी इंदिराबाई ड्रायव्हरच्या खिडकीशी गेल्या.

"भैया, नाम क्या है आपका?"

आतून जरा वेळाने उत्तर आलं, "बंडू."

स्वतःचं नाव सांगायला माणसाला एवढा विचार करावा लागतो होय? इंदिराबाई पाहतच राहिल्या. तसा तो मफलरमधूनच म्हणाला, "बसवा न बाई पोरीला. उशीर होऊन राहिला."

मराठीच होता. इंदिराबाई तडक वळल्या आणि चौकातून हवालदाराला घेऊन आल्या.

दुबे हवालदाराने खिडकीवर दंडुका आपटला. "मफलर उतार."

मफलर उतरला. श्रीरंगच होता. चोरी पकडली गेली म्हणून माणूस ओशाळेल, पण छे! त्याने हसून हात जोडले. "राम राम, दुबेजी."

"फिर तू?"

"फिर मैं, साहब."

हवालदार इंदिराबाईंना बाजूला घेऊन गेला. "है तो वही, बहनजी. इसका लाइसेंस तीसरी बार बंद हुआ है."

"मग थांबवा न त्याला!"

"रोक लूँ? चालान काटूँगा, दोपहर तक ठेकेदार छुड़ा लाएगा. शाम को फिर यही गाड़ी, यही आदमी. ऊपर से जंग. सारे ड्राइवर फ़ौज ले गई, दूसरा कहाँ से लाऊँ?" मग त्याने आवाज खाली आणला. "घबराइए मत. मेरी मुन्नी भी तो उसी में बैठी है."

हे मात्र इंदिराबाईंना पटलं. म्हणजे पटवून घ्यावं लागलं. पायी निघावं तर पेपर निम्मा बुडणार, आणि मनीषाचे बाबा कालच्या पाळीवरून अजून घरी आलेले नव्हते. बाप स्वतःच्या लेकीला काही उगाच बसवणार नाही. एवढा एक आधार मनाशी धरून त्या ट्रकच्या मागे गेल्या.

"आई, हात सोड न," मनीषा फळीवर चढून म्हणाली.

इंदिराबाईंनी हात सोडला. हवालदार ट्रकच्या पुढून वळसा घालून पलीकडे गेला. दार उघडल्याचा आणि आपटल्याचा आवाज आला. मुन्नीच्या बाजूचं दार नीट लावून घेत असेल, असं इंदिराबाईंना वाटलं. मग शिट्टी वाजली, ट्रक धडधडला आणि फाटकाच्या उताराला लागला. पोरांनी ओरडून हात हलवले. मनीषानेही हलवला.

धूळ खाली बसेपर्यंत ट्रक वळणाआड गेला होता.

रस्त्याच्या पलीकडे दुबे हवालदार उभा होता. त्याच्या सायकलच्या दांड्यावर मुन्नी बसली होती, मांडीवर कंपासपेटी घेऊन. त्याने इंदिराबाईंकडे पाहिलं नाही. समोर सगळा उतारच होता, पायडल मारायचीही गरज नव्हती, आणि पेपरची वेळ होत आली होती. तरी तो सायकलवर बसला नाही. एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने लेकीला धरून तो पायीच उतार उतरू लागला.