गावदेवाशेजारची पेटी

पेटीसमोर येताच ममताला आधी हसूच आलं. तिने हौसेने बसवलेल्या तिन्ही दिव्यांवर कुणीतरी जाडसर शेंदूर थापला होता. वर तांदळाचे दाणेही चिकटवले होते.

"आत्या, हे कुणी केलं?"

रामीआत्या डोक्यावरचं इरलं सावरत अंगणातून आली. "कोणी म्हंजे? मीच. पेरणीआधी गावदेवाची पूजा झाली, तवा लावला. देवाला लावायचा नि त्याच्या बाजूला उभा हाय त्याला कोरडा ठेवायचा? बरं दिसतं का?"

पेटी दरडीचा इशारा देणारी होती. पाड्यामागच्या डोंगराला मागच्या पावसात भेग पडली, तेव्हा त्या भेगेवरून तार ओढून इथे आणली होती. भेग होती तशी असली की हिरवा दिवा, हलू लागली की पिवळा. लाल लागला की हातातलं टाकून पाडा सोडायचा. भोंगाही मंजूर झाला होता, पण तो पुढच्या वर्षी येणार होता. मोबाइलला रेंज नाही. म्हणजे जी काही राखण होती, ती या तीन दिव्यांची.

ममता जव्हारच्या ज्या दुकानात या पेट्या जोडायची, तिथे आलेल्या नकाशात दिवे सर्किट बोर्डाच्या अगदी खालच्या कडेला होते. दुरुस्तीवाल्याला सोयीचे, बाकी कुणाला दिसायचे नाहीत. ममताने ते काढून वरच्या कडेला सोल्डर केले आणि त्यांचे तारेचे पाय जरासे वाकवून तोंडं घरांकडे वळवली. काच तिन्हींची पांढरीच, रंग पेटल्यावर कळायचा. पेटीची जागाही तिनेच निवडली. चुलीपाशी बसलेल्या बाईने मान वर केली तरी दारातून दिसावी, अशी पाड्यात एकच जागा होती, ती गावदेवाची. दारोदार फिरून तिने विचारलं होतं, दिसतो का? सगळे म्हणाले, दिसतो. त्या दिवशी जीपमधून परत जाताना तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

"अगं, मग दिवे दिसेनात तर निरोप तरी धाडायचा."

"कशाला? लाल नाय ना पेटला? मंग बरंच हाय की सगळं."

ममताने खोबरेल मागितलं. शेंदूर पाण्याने निघत नाही.

"बाळाचं तेल हाय, पुरवून वापर," आत्याने वाटी आणून दिली. सगळा पाडा आवणीला, भाताची रोपं लावायला, खाली शेतावर गेला होता. वर आत्या आणि तिची बाळंतीण सून सुनिता, एवढ्याच होत्या. बाळाची पाचवी नुकतीच झाली होती. डोंगराला पाठ लावून असलेलं पहिलंच घर त्यांचं. वारा लागू नये म्हणून दार ओढून घेतलेलं.

ममताने पदराआडून पांढरं फडकं काढलं, तेलात बुडवलं आणि पहिली काच पुसायला घेतली. पाऊस थांबला होता, पण धुकं घरांच्या छपरांवर टेकलं होतं. पक्षीसुद्धा बोलत नव्हते.

"पाण्याचे लय हाल," आत्या सांगत होती. "झऱ्याला कालपासून चिखलच येतो. पेजेला बी घेता येत नाय."

"पाऊस आहे ना, आत्या."

"पाऊस दरसाल पडतो. झरा असा कदी गढूळला नवता."

पहिली काच स्वच्छ झाली. हिरवा पेटलेला नव्हता. बॅटरी गेली असेल, ममता मनाशी म्हणाली, आणि दुसऱ्या काचेकडे वळली.

"नि आमचं दार," आत्या म्हणाली. "आडकतं मेलं. उचलून ओढावं तवा उघडतं. माझा पोरगा पोश्या म्हणतो रंधा मारू."

"लाकूड फुगतं पावसात."

"फुगलं तं फुगलं. पण चौकटच तिरकी झालीया कालपासून. कोणी तिरकी केली?"

ममताचा हात मंदावला. दुसरी काचही निघाली. पिवळाही पेटलेला नव्हता. बॅटरी गेलेलीच असू दे, असं तिला वाटलं. तिने आयुष्यात पहिल्यांदाच स्वतः जोडलेली वस्तू बिघडलेली निघावी अशी इच्छा केली. तिसऱ्या काचेवर तिने बोटानेच तेल चोळलं. शेंदराचा पोपडा सुटून तांदळाच्या दाण्यांसकट खाली पडला.

ती पुसत राहिली.

आत्या जवळ आली, डोळे बारीक करून बघू लागली. "राहिलाय गं अजून. याच्यावरचा तं हालला बी नाय. दाबून पूस."

ममताने फडक्याची कोरी बाजू घेतली. काच दाबून पुसली आणि फडकं आत्यासमोर धरलं. ते पांढरंच होतं. धरणाऱ्या बोटांवर मात्र लाल उजेड पडला होता.

"सुनिता!" ममता ओरडली. "बाळ घेऊन बाहेर ये! आत्ता!"

घरात काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग दार आतून ओढल्याचा. मग पुन्हा एकदा, जोरात.

"उचलून ओढ म्हणावं तिला," आत्या म्हणाली. ती अजून त्या काचेकडेच बघत होती.