रंगपटातलं स्थळ

खोटं वाटेल, पण शिवलीलाची शिंगं मी माझ्या हातानं चिकटवली होती. सोलापुरातल्या त्या नाटकात ती राक्षसीण होती. पाठीला कुबड, तोंडात सुळे, मागं शेपूट. तिला बघून पहिली रांग खुर्च्यांसकट मागं सरकली. प्रयोग संपला आणि तिचे वडील वळसंगचं स्थळ थेट रंगपटात घेऊन आले. मी रंग उतरवायला धावलो, तर ती कानाशी पुटपुटली, "काका, काही काढू नका. बघूनच पळू देत. मला नाटक करायचंय, लग्न नाही." मुलाच्या आईनं तिच्याभोवती चक्कर मारली. "बँकेतली नोकरी पर्मनंट हाय न्हवं?" "व्हय," वडिलांनी परस्पर सांगितलं. "अगं, शिंगं हायत की तिला!" मुलाचा बाप कुजबुजला. "असू द्या," मुलाची आई म्हणाली. "पदराखाली झाकतील. शेपूट परकरात बसंल." मुलगा लाजत बोलला, "मला सगळं चालतंय. फक्त नाटक तेवढं सोडायला लागंल."