पार्किंगमधली साक्ष

“सेक्रेटरींची स्कूटर चोरीला गेली तेव्हा वॉचमन माझ्या गाडीचं चाक बदलत होता. मी शेजारीच उभी होते,” मृदुला म्हणाली. पार्किंगमध्ये भरलेल्या सोसायटीच्या बैठकीत कुणीतरी फिस्सकन हसलं.

“परवा कोर्टात त्या बिचाऱ्या डिटेक्टिव्हलाही खून करताना तुम्हीच पाहिलं होतंत,” करंदीकरकाकू म्हणाल्या. “झाली ना जन्मठेप निर्दोष माणसाला!”

“काकू, ती मालिका आहे. खोटी साक्ष माझ्या पात्रानं दिली.”

“पण किती खरी वाटली हो!”

सेक्रेटरींनीही मान डोलावली. वॉचमनला ठेवायचं की काढायचं, हे आत्ताच ठरणार होतं. मृदुलानं पुढचं वाक्य मनात जुळवलं, पण ते पाठ केल्यासारखं वाटलं म्हणून गिळून टाकलं. तिचे डोळे भरून आले.

“बघा, सुरू झालं रडणं. कोर्टातही अस्संच!”

कोपऱ्यात उभा असलेला वॉचमन पुढे आला. ती मालिका तोही केबिनमध्ये मोबाइलवर न चुकता बघायचा. त्यानं तिच्यासमोर हात जोडले.

“मॅडम, पाया पडतो. तुम्ही माझ्या बाजूनं बोलू नका.”