उणे बावीस अंश

“माझा फाल्टिन ज्या गाडीत गेला, ती गाडी तुमच्या संगणकात आहे म्हणे. मला बघायचीय.”

फाल्टिनची आई, त्सोटरबाई, गेर्नोटच्या टेबलासमोर येऊन बसल्या होत्या. खाली फाटकावर त्यांना कुणी अडवलं नव्हतं. अडवायची हिंमतच झाली नसावी.

ग्रात्स शहरातल्या त्या मोटारींच्या कारखान्यात इंजिन आणि गिअरबॉक्सची जुळणी गेर्नोट करायचा, पण पडद्यावर. गाडीचं सगळं वागणं आकड्यांत उतरवायचं, हव्या त्या घाटात, हव्या त्या थंडीत ती चालवून बघायची आणि मग फाल्टिनसारख्या चाचणीचालकाच्या हाती किल्ली द्यायची. तीन आठवड्यांपूर्वी फाल्टिन घाट उतरत असताना खऱ्या गाडीचा गिअर आपोआप सुटला. सात किलोमीटरचा उतार नुसत्या ब्रेकवर आला. ब्रेक तापले, आणि मग एका वळणावर लागलेच नाहीत.

कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही, असं वकिलांनी बजावलं होतं. गेर्नोटने तोच घाट लावला. उणे बावीस अंश, गाडीत एकटा माणूस. पडद्यावर निळी रेष वळणं घेत खाली सरकू लागली.

“ते वळण कुठलं?”

“हे. आत्ता येईल ते.”

रेष त्या वळणावरून सरळ पुढे निघून गेली.

“मग या गाडीचा कसा नाही सुटला गिअर?”

गेर्नोटने पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका आकड्यावर बोट ठेवलं. “उणे दहाच्या खाली गिअरबॉक्समधलं तेल किती घट्ट होतं, ते आम्ही मोजलंच नाही. शीतखोलीत आठवडा गेला असता, तेवढा वेळ नव्हता. मी अंदाजानं आकडा घातला. तो चुकला, बाई. आकडा माझा होता.”

आता या ओरडतील, थोबाडीत देतील, असं त्याला वाटलं. द्यावीच, असंही वाटलं. तीन आठवड्यांत त्याच्याशी कुणी चढ्या आवाजात बोललं नव्हतं. साहेबांनी तर पाठीवर हात ठेवून चार दिवस सुट्टी घे म्हटलं होतं.

त्सोटरबाईंचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. रेष खालच्या गावात शिरली, सपाट झाली, थांबली.

“पोचला?”

“गाडी पोचली.”

“किती वाजता?”

“अकरा वाजून वीस मिनिटांनी.”

“म्हणजे जेवणाच्या आधी,” त्या म्हणाल्या. मग खुर्ची पडद्याजवळ ओढून घेतली. “परत लाव रे.”

त्याने परत लावलं. रेष पुन्हा घाटमाथ्यावर उभी राहिली.

“आणि या खेपेला,” त्या म्हणाल्या, “जरा सावकाश येऊ दे त्याला.”