आनंदाबाईची भिंत

चारुतानं सायकल रस्त्याच्या कडेलाच उभी केली आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात आलेली आनंदाबाई जागच्या जागी थांबली. सायकल कशालाही न टेकता उभी होती. मागच्या चाकापाशी नवंकोरं स्टँड चमकत होतं.

"लावलं शेवटी," चारुता हसून म्हणाली. "आता तुमच्या भिंतीला त्रास नाही, मावशी."

ती आपल्याच बाटलीतलं पाणी प्याली, हात हलवून आर्वीच्या दिशेनं निघून गेली. झालं!

दोष कोणाचा? आनंदाबाईच्याच तोंडाचा. चारुता वर्ध्याच्या कॉलेजात शिकवायची, राहायची नालवाडीला. पुढच्या हिवाळ्यात तिला सायकलनं कन्याकुमारीला जायचं होतं, म्हणून दर रविवारी आर्वीपर्यंत सराव. लांब पल्ल्याच्या सायकलीला स्टँड लावत नाहीत, उगाच वजन वाढतं, असं तिचं म्हणणं. "उभं राह्याले पाय नाई अन् चालली कन्याकुमारीले!" आनंदाबाईनं पहिल्याच दिवशी तिची फिरकी घेतली होती. पण स्टँड नाही म्हणून टेकवायला भिंत लागायची, आणि वाटेतल्या आंजी गावाच्या पुढं त्या वळणावर भिंत होती ती एकट्या आनंदाबाईची. मग ओट्यावर बसणं, चहा, पोटभर गोष्टी. नवरा रूपराव गेला, मुलगा ऋतिक नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हापासून त्या घरात बोलायला होतं तरी कोण? टीव्ही बोलायचा, पण तो काही विचारायचा नाही.

आणि मागच्या खेपेला या बाईनं काय करावं? भिंतीला दिवाळीत दिलेला रंग अजून नवा होता. हँडल घासून ओरखडा उठला आणि हिची जीभ सुटली. "माह्या भिंतीचं वाटोळं करून राह्यली तू!" चारुता ओशाळली आणि स्टँड लावून मोकळी झाली.

तो आठवडा आनंदाबाईला जाता जाईना. जोडलेलं माणूस आपणच तोडलं, या विचारानं घास गोड लागेना. ते स्टँड काढून टाक, असं आता कोणत्या तोंडानं सांगायचं?

पुढच्या रविवारी ती उजाडायच्या आत उठली आणि रस्त्याच्या कडेच्या काळ्या मातीत बादल्यांवर बादल्या ओतू लागली. शेजारच्या सुलोचनाबाईनं कुंपणावरून डोकं काढलं. "काऊन वं, रस्त्याले पानी देऊन राह्यली?"

"धूळ उडते," आनंदाबाई म्हणाली.

चारुता आली. स्टँड लावून तिनं पाठ फिरवली न फिरवली, तोच स्टँड चिखलात रुतलं आणि सायकल धप्पकन आडवी झाली.

"जमीनच तशी हाय इथली," आनंदाबाई साळसूदपणे म्हणाली. "टेकव भिंतीले. एखादा ओरखडा आला तं आला."

चारुतानं एकदा चिखलाकडे पाहिलं, एकदा निरभ्र आभाळाकडे. मग दुपट्टा दुमडून हँडल आणि भिंत यांच्या मध्ये ठेवला आणि ओट्यावर येऊन बसली. त्या दिवशी आनंदाबाईनं दोनदा चहा केला. मग काय, दर रविवारी पहाटे बादली आणि ती!

थंडी सरता सरता तिला ताप भरला. रविवार उजाडला तरी अंगात उठायचं बळ नव्हतं. ऊन चढल्यावर ती कशीबशी शाल गुंडाळून ओट्यावर येऊन बसली. कडेची माती वाळून दगड झाली होती. आज सायकल नीट उभी राहील आणि पोरगी दोन घोट पाणी पिऊन निघून जाईल. आनंदाबाईला रडूच आलं.

सायकल आली. चारुतानं त्या मातीवर बुटाची टाच आपटून पाहिली. खणखणीत आवाज आला. आनंदाबाईनं मान खाली घातली, पुढचं तिला बघायचंच नव्हतं.

सावली जवळ आली तेव्हा तिनं वर पाहिलं. चारुता सायकल भिंतीला टेकवत होती.

"आज तर फारच चिखल आहे हो, मावशी," ती म्हणाली. "तुम्ही बसा, चहा मी ठेवते."