सगळ्यात वरचं झुडूप

होडी बेटाला टेकली तसे गर्गे मास्तर धोतर सावरत आधी उतरले. सन चौतीसचा कार्तिक होता. नाशिकच्या शाळेत झाडापानांचं शास्त्र शिकवणाऱ्या या माणसाला महिनाभर एकाच प्रश्नानं पछाडलं होतं: धरणाच्या पाण्यात उरलेल्या या टेकडीच्या टोकावर एवढा सब्जा आला कुठून? दहा कोसांत दुसरीकडं एक रोप नाही, आणि इथं पाय ठेवायला जागा नाही.

होडीवाल्या नियाजनं होडी खडकाला बांधली. त्याची बायको हुस्नबानो होडीतच बसून राहिली, फुलांची पुरचुंडी पोटाशी धरून. शबे-बारातीला, गेलेल्यांच्या आठवणीच्या सणाला, ती दरवर्षी इथवर येई आणि फुलं पाण्यात सोडून परत जाई.

धरणाचं पाणी चढत होतं त्या पावसाळ्यात त्यांची चार महिन्यांची पोर गेली. कब्रस्तान पाण्याखाली गेलेलं, म्हणून भर पावसात तिला टेकडीवर पुरलं. दगड रोवायला सवड नव्हती. कबरीवर सब्जा पेरायची त्यांच्यात रीतच; हुस्नबानोनं उशाशी मूठभर पेरला, आणि तीच खूण होईल असं दोघांनी धरलं. पुढं अर्धी टेकडी बुडाली, उरलेल्या अर्धीवर सब्जा माजला. पहिल्यांदा होडीनं आले तेव्हा हुस्नबानोनं विचारलं होतं, "पाय कुठं टाकू?" नियाजला सांगता आलं नव्हतं. त्या गोष्टीला आता अठरा वर्षं होत आली.

मास्तरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते दोरी ताणून हातहातभर जागेतली रोपं मोजत होते, वहीत लिहीत होते. दोरीचं दुसरं टोक नियाजच्या हातात. धर म्हटलं की धरायची, सोड म्हटलं की सोडायची. त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं.

"पाखरांनी आणला म्हणावा, तर विखरून उगवला असता," मास्तर म्हणाले. "पुरानं आणला म्हणावा, तर काठाला दाट असता. हा वरून खाली उतरलाय, नियाजभाई. पावसाचं पाणी बी खाली नेतं, वर नेत नाही. आपण सगळ्यात वरचं झुडूप शोधायचं."

उन्हं कलली तेव्हा ते सापडलं. दोन खडकांच्या मधे, गुडघ्याएवढं. त्याच्या वर नुसतं गवत. मास्तरांनी शेजारी खुंटी ठोकली.

"इथूनच सगळं सुरू झालं."

"नक्की?"

"पैजेवर सांगतो. कुणीतरी हातानं पेरलंय. पण या ओसाडीत कोण कशाला पेरील? आम्ही तर सब्जा सरबतात घालतो."

नियाजनं वहाणा काढल्या. आता छाती भरून येईल, डोळे भरतील, म्हणून तो जरा थांबला. तसलं काही झालं नाही. पायाला माती गार लागली, एवढंच.

मास्तरांनी खुरपं काढलं. कागदात दाबून ठेवायला रोप मुळासकट हवं होतं.

"हे नका काढू, मास्तर."

"अहो, हेच तर मूळ."

"खाली माझी लेक हाय."

मास्तरांचा हात थांबला. त्यांनी खुरपं पिशवीत ठेवलं, मग वही ठेवली, आणि ठेवण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा मान खाली घालून दोरी गुंडाळत बसले.

नियाज अनवाणीच काठाशी गेला.

"उतर," तो बायकोला म्हणाला.

हुस्नबानोनं त्याच्याकडं पाहिलं. या बेटावर तो तिला असं कधी म्हणाला नव्हता. ती उठली, एक पाय होडीबाहेर काढला आणि तशीच थांबली.

"पाय कुठं टाकू?"

"कुठंबी टाक," नियाज म्हणाला. "तेवढी मास्तरांची खुंटी सोडून."