वरकसावरचं घर

दाराला शेवटचा स्क्रू बसला आणि ही बातमी आता कोणाला सांगावी, असा अजितला प्रश्न पडला. मोबाइलला रेंज नव्हती. रेंज नसावी म्हणूनच तर त्याने दिवेआगरच्या मागच्या डोंगरावर, वडिलांच्या पाच गुंठे वरकस, म्हणजे नाचणी-वरीपुरत्या हलक्या, जमिनीवर हे घर बांधलं होतं. विजेची तार नाही, नळ नाही, शेजार नाही. एक खोली, पुढे पडवी, छपरावर सोलर आणि मागे पावसाच्या पाण्याची टाकी.

या एका खोलीला पाच वर्षं लागली. गावात कोणी विचारलं की अजित सांगायचा, "फिनिशिंग चाललंय." पाया खणला त्या दिवसापासून तो हेच सांगत होता.

कल्पना पाच वर्षांपूर्वीच्या वादळानंतरची. विजेचे खांब आडवे झाले, महिनाभर गावात लाइट नव्हती, तेव्हा मेणबत्तीच्या उजेडात त्याने बायकोला, रचनाला, ऐकवलं होतं, "कुणावर अवलंबून नसलेलं घर बांधतो बघ." वादळात पडलेल्या फणसाचं लाकूडही त्याने राखून ठेवलं. पण अजित पडला सुतार. राहत्या घराला लागूनच त्याचा कारखाना, आणि वादळाने गावातली निम्मी दारं-खिडक्या नेलेली. गिऱ्हाईक यायचं, फणसाच्या फळ्यांवरून हात फिरवायचं, "काय लाकूड आहे हो!" म्हणायचं, की अजित विरघळलाच. डोंगरावरच्या घराचं दार त्याने चार वेळा केलं. चारही वेळा ते दुसऱ्याच कुणाच्या तरी चौकटीला लागलं. सोलरची बॅटरी ऐन कामात लाइट गेली म्हणून आठवडाभरासाठी कारखान्यात आणली, ती तीन वर्षं तिथेच राहिली. कारखान्यात असला की त्याचा जीव डोंगरावर, डोंगरावर गेला की कारखान्यात. दोन्हीकडचं मिळून तो कुठेच नसायचा.

रचना गावातल्या त्या राहत्या घरात पर्यटकांसाठी खानावळ चालवायची. "तुमचं घर म्हंजे सरकारी धरण हाय," ती म्हणायची. "बांधणाऱ्याचं आयुष्य सरतं, पाणी काय अडत न्हाय."

या वेळी मात्र अजितने कारखान्याला 'चार दिवस बंद'ची पाटी लावली, बॅटरी आणि पाचवं दार टेम्पोत टाकलं आणि डोंगर गाठला. गावातल्या प्रणालीताईंनी करायला सांगितलेला झोपाळा तसाच अर्धवट सोडला. आता तो शांततेत राहणार होता.

सकाळी अकरापर्यंत सगळं काम संपलं. अजित पडवीत मांडी घालून बसला. सात मिनिटांनी त्याला दिसलं की एक वासा किंचित तिरका आहे. तो सरळ केला. पुन्हा बसला. मग किती वाजले ते पाहायला म्हणून रेंज येते त्या वळणापर्यंत उतरून गेला. घड्याळ त्याच मोबाइलमध्ये होतं आणि मोबाइल खिशात होता. तरी तो तीनदा जाऊन आला.

एक वाजता रचना डबा घेऊन आली. इथवर ती पहिल्यांदाच येत होती. पाच वर्षांत तिला सवड झाली नव्हती, आणि त्यानेही कधी बोलावलं नव्हतं. अजितने घाईघाईत भाकरी मोडली.

"जेवतो नि जरा खाली जाऊन येतो," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "ताईंचा झोपाळा अडकलाय."

चार दिवसांचा संन्यास दुपारच्या जेवणाआधीच आटोपला होता. आता ही काय काय बोलेल, याची उत्तरं तो मनात जुळवू लागला. रचना मात्र पडवीत बसली. खांबाला पाठ टेकून तिने पाय लांब केले.

"अवो, ऐका," ती हळूच म्हणाली.

अजितने कान दिला. "काय? काहीच तर ऐकू येत न्हाय."

"तेच सांगते. अठरा वर्षांत पयल्यांदा."

अजितच्या हातातला घास हातातच राहिला. त्याचं लाकूड तासायचं रंध्याचं मशीन तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून होतं. लग्नाच्या वर्षी त्यानेच तिथे बसवलं होतं, सावली असते म्हणून. ज्या गोंगाटाला कंटाळून तो डोंगर चढायचा, तो त्याचा स्वतःचाच होता. तो निदान उठून निघून यायचा. त्याने मशीन बंद केलं की तिला पर्यटकांच्या हाका सुरू व्हायच्या. शांततेवर त्याने गावभर भाषणं दिली होती, फक्त या एका माणसाला कधी विचारलं नव्हतं. त्याने वळून खोलीत पाहिलं. एक खाट. एक स्टूल. भिंतीला एकच खुंटी. मापात कधी चुकत नाही असा त्याचा पंचक्रोशीत लौकिक होता.

"पाच मिन्टं टेकते," रचनाचे डोळे मिटत आले होते. "सांजच्याला चौदा माणसं हायत जेवायला. भात लावायचाय."

"मी लावतो."

"तुमाला येतो?"

"त्यात काय यायचंय," अजित म्हणाला आणि तिला शंका घ्यायला वेळ न देता रिकामा डबा उचलून उतरू लागला. मागे वळून पाहिलं तेव्हा ती झोपली होती.

त्याने मशीनला हात लावला नाही. भात खाली लागला, कालवणात मीठ जास्त झालं, चौदा माणसं काही न बोलता जेवली. वाढता वाढता त्याने अंगणातून वर पाहिलं. डोंगरावर एक दिवा लागला होता.

तेवढ्यात झोपाळ्याची चौकशी करायला प्रणालीताई आल्या, तर अजित हातात कालवणाचा डाव घेऊन उभा.

"अगो बाई, अजितदादा, तुम्ही वाढताय? वहिनी कुठंय? माहेरी गेली काय?"

"न्हाय ताई," अजित म्हणाला. "तिच्या घरी."